सीमाप्रदेशाची सूची : संशोधनविषयक दुवासंग्रहांतील संस्थात्मक सहकार्य आणि रायपूरचे उदाहरण

१

सूचीला वाङ्मयीन समीक्षेत क्वचितच स्थान मिळते. सूची हे समीक्षेचे साधन मानले जाते, समीक्षेचा विषय मानले जात नाही. परंतु शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची सिद्ध केली, तिचा मराठी वाङ्मयेतिहासावर झालेला परिणाम पाहिला, तर ही विभागणी टिकत नाही. ‘मराठी ग्रंथ’ म्हणजे काय, तो कोणत्या वर्गात घालावयाचा, अनुवाद आणि रूपांतर यांत सीमारेषा कोठे आखावयाची, हे प्रश्न दाते यांना प्रत्येक नोंदीपाशी सोडवावे लागले असणार. नंतरच्या अभ्यासकांनी जो इतिहास लिहिला तो बराचसा या उत्तरांच्या आधारे लिहिला. सूचीकाराचा निर्णय असा समीक्षकाच्या निर्णयाच्या आधी झालेला असतो, आणि म्हणूनच तो सहसा दिसत नाही.

महाजालावरील संशोधनविषयक दुवासंग्रह हे या सूचीपरंपरेचे पुढचे रूप आहे. एखाद्या विषयाशी किंवा प्रदेशाशी संबंधित संकेतस्थळे, अंकीय ग्रंथसंग्रह, कोश, नियतकालिकांचे अंक, प्रबंध आणि अभिलेखागारांच्या याद्या शोधणे, त्यांतून निवड करणे, प्रत्येकाचे थोडक्यात वर्णन करणे, त्यांचे वर्गीकरण करणे आणि दिलेला पत्ता अद्याप जिवंत आहे की नाही हे वेळोवेळी तपासणे, अशी पाच कामे दुवासंग्रहात अभिप्रेत असतात. यांतील पहिली चार कामे दाते यांनाही करावी लागली. पाचवे काम मात्र नवे आहे. छापील ग्रंथ ज्या ग्रंथालयात होता तेथून तो सहसा दुसरीकडे निघून जात नाही. महाजालावरील साधन मात्र रातोरात जागा बदलते किंवा नाहीसे होते. त्यामुळे दुवासंग्रह एकदा करून संपत नाही. एकट्या व्यक्तीने, किंवा एकट्या संस्थेने, तो दीर्घकाळ सांभाळणे अशक्यप्राय ठरते. सहकार्याचा प्रश्न येथे निर्माण होतो.

या सहकार्याकडे सामान्यतः व्यवस्थापनाची बाब म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधाची भूमिका वेगळी आहे. ज्या प्रदेशाचे वाङ्मय एकाहून अधिक भाषांत आणि एकाहून अधिक राज्यांच्या कागदपत्रांत विखुरलेले आहे, त्या प्रदेशाच्या बाबतीत सहकार्याचे स्वरूप कसे आहे यावर तौलनिक अभ्यासकाला काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे ठरते. रायपूर आणि त्याभोवतीचा छत्तीसगढ हे याचे ठळक उदाहरण आहे.

२

रायपूर आपल्या जागी स्थिर राहिले, परंतु त्याचा पत्ता सतत बदलत गेला. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत याने रतनपूरवर स्वारी केली आणि छत्तीसगढ भोसल्यांच्या प्रभावाखाली आला. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून प्रत्यक्ष कारभार केला. त्यांच्या पश्चात सुभेदारीची व्यवस्था आली. १८१८ मध्ये ब्रिटिश देखरेख सुरू झाली, तेव्हा कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलविण्यात आले. १८३० मध्ये प्रदेश पुन्हा भोसल्यांकडे गेला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत रायपूरच्या प्रशासनाचे केंद्र नागपूर होते, त्यानंतर ते भोपाळ झाले, आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आल्यावर राजधानी रायपूरलाच आली.

या क्रमाचा सूचीच्या दृष्टीने अर्थ असा की, रायपूरच्या भूतकाळाची साधने एका छत्राखाली नाहीत. भोसलेकालीन मराठी कागद, त्यांतही मोडी लिपीतील, शोधणाऱ्याची पावले प्रथम नागपूरकडे वळतात. व्हान्स अॅग्न्यू याचा छत्तीसगढ सुभ्याविषयीचा १८२० चा अहवाल आणि रिचर्ड जेन्किन्स याचा नागपूरच्या राज्याविषयीचा १८२७ चा अहवाल ही साधने इंग्रजी आहेत आणि वसाहतकालीन प्रशासकीय वाङ्मयाच्या वर्गात जातात. १९५६ ते २००० या काळातील शासकीय प्रकाशनांवर ‘मध्य प्रदेश’ हेच नाव आहे. नव्या राज्याची साधने तेवढी ‘छत्तीसगढ’ या शीर्षाखाली मिळतात.

एखादी संस्था आपला दुवासंग्रह आजच्या राज्यनिहाय विभागांत मांडते तेव्हा ती काही चूक करते असे नाही. परंतु त्या मांडणीत रायपूरचा मराठी कालखंड महाराष्ट्राच्या खात्यात जातो, हिंदी कालखंड मध्य प्रदेशाच्या खात्यात जातो, आणि छत्तीसगढच्या खात्यात मुख्यतः २००० नंतरचे वर्तमान उरते. ज्या प्रदेशाला सर्वांत जास्त पूर्वपीठिका हवी त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. भाषानिहाय मांडणीत हेच दुसऱ्या प्रकारे घडते. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात बस्तरच्या हलबीचे विवेचन १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या खंडात आहे. २०११ च्या जनगणनेत मात्र हलबी ही अनुसूचीबाहेरील स्वतंत्र भाषा आहे, तर छत्तीसगढीचे दीड कोटीहून अधिक भाषक हिंदीच्या खात्यात मोजले गेले आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांच्या मानकाने हलबीला आणि छत्तीसगढीला वेगवेगळे संकेत दिले. तीन अधिकृत व्यवस्था आणि तीन वर्गीकरणे, अशी ही स्थिती आहे. यांतील कोणतेही एक स्वीकारणारा संग्रह उरलेल्या दोहोंच्या वाचकापासून साधने दूर ठेवतो.

३

या विखुरलेपणाची वाङ्मयीन किंमत दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण ‘छत्तीसगढ मित्र’ या मासिकाचे. १९०० च्या जानेवारीत हे मासिक पेंड्रा येथून सुरू झाले आणि १९०२ च्या अखेरीपर्यंत चालले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर हे त्याचे संपादक, तर वामन बळीराम लाखे प्रकाशक. नियतकालिक हिंदी, चालविणारी मंडळी मराठीभाषक, छपाई आरंभी रायपूरची आणि नंतर नागपूरची. सप्रे यांची १९०१ मधील ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा हिंदीतील पहिली लघुकथा मानावी असा दावा समीक्षकांनी केला आहे. याच सप्रे यांनी पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचे १९१५ चे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, आणि १९०७ मध्ये नागपुरात ‘हिंदी केसरी’ चालविला.

हिंदी साहित्याच्या इतिहासात सप्रे आरंभकाळाचे गद्यकार म्हणून येतात, तर मराठी साहित्याच्या इतिहासात ते जवळजवळ येतच नाहीत, कारण त्यांचे महत्त्वाचे लेखन मराठीत नाही. त्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय १९८४ पासून भोपाळमध्ये आहे. कर्मभूमी पेंड्रा आणि रायपूर, वैचारिक प्रेरणा पुणे, मुद्रण रायपूर व नागपूर, स्मारक भोपाळ, असा हा नकाशा आहे. त्यातील मुद्रणस्थळाचा दुवा एका संग्रहात, अनुवादांचा दुसऱ्या संग्रहात आणि चरित्रसाधनांचा तिसऱ्या संग्रहात असेल आणि हे तिन्ही संग्रह एकमेकांना ओळखत नसतील, तर ‘मराठी निबंधशैलीचा आरंभीच्या हिंदी गद्यावरील परिणाम’ हा तौलनिक साहित्याचा अगदी सरळ प्रश्नही विचारला जात नाही. तो विचारण्याइतके पुरावे एका ठिकाणी दिसतच नाहीत.

दुसरे उदाहरण मुक्तिबोध बंधूंचे. गजानन माधव मुक्तिबोध यांची घरची भाषा मराठी होती आणि लेखनाची भाषा हिंदी. नागपुरात काही वर्षे काढल्यानंतर १९५८ मध्ये ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेले आणि १९६४ मध्ये निधन होईपर्यंत त्यांची नाळ त्या गावाशी जुळलेली राहिली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा संग्रह मराठी नवकाव्याच्या चर्चेत अपरिहार्य ठरला आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. मार्क्सवादी सौंदर्यविचाराशी दोघांनीही आयुष्यभर झुंज घेतली. एकाच घरातून, एकाच वैचारिक पेचातून दोन भाषांत उभी राहिलेली ही समांतर रचना भारतीय तौलनिक साहित्याला मिळालेली दुर्मीळ संधी आहे. परंतु सूचींच्या जगात हे दोन भाऊ वेगवेगळ्या भाषांच्या विभागांत राहतात आणि त्यांच्यामध्ये ‘हेही पहा’ एवढी साधी नोंदही सहसा नसते.

४

सहकार्याचे जे प्रयोग गेल्या तीन दशकांत झाले त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार विभागलेल्या पालकत्वाचा. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या जागतिक आभासी ग्रंथालयाची रचना अशी होती की, प्रत्येक विषयाची यादी त्या विषयाचा जाणकार आपल्या संस्थेच्या संगणकावर सांभाळील. १९९४ पासून ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठातील मॅथ्यू चोलेक यांनी याच तत्त्वावर आशियाविषयक विभाग उभा केला आणि दक्षिण आशियाची बाजू अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातील ग्रंथपाल डेव्हिड मॅगियर यांच्या संग्रहाने सांभाळली. ज्याला विषय कळतो तोच निवड करतो, हा या पद्धतीचा गुण. दोष असा की, पालक निवृत्त झाला किंवा त्याचा रस संपला की विभाग ओस पडतो. शिवाय विभागणी देशनिहाय असल्यामुळे दोन विभागांच्या सीमेवरील साधन कोणाचेच नसते. रायपूरसारख्या प्रदेशाच्या दृष्टीने हा दोष मूलभूत आहे.

दुसरा प्रकार सामायिक नोंदींचा. जर्मनीतील ‘अॅकॅडमिक लिंकशेअर’ या सहकारी व्यवस्थेत निरनिराळ्या विषयांची आणि प्रदेशांची आभासी ग्रंथालये सहभागी झाली. एका संस्थेने एखाद्या साधनाची नोंद केली की ती सामायिक साठ्यात जाई आणि इतर संस्था तीच नोंद आपल्या वर्गीकरणानुसार आपल्या वाचकांसमोर मांडू शकत. नोंद एक आणि मांडण्या अनेक, हे या व्यवस्थेचे मर्म आहे. त्यामुळे पत्ता बदलला तर दुरुस्ती एकदाच करावी लागते, आणि राज्यशास्त्राच्या संग्रहातील साधन आफ्रिकेच्या अभ्यासकालाही त्याच्या दारातून दिसते. सीमाप्रदेशाला ही रचना सर्वांत अनुकूल आहे, कारण तीत साधन कोणत्या तरी एकाच खात्यात टाकण्याची सक्ती नाही.

तिसरा प्रकार केंद्रीय साठ्याचा. भारतात याची परंपरा मोठी आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय विज्ञान संस्थेच्या समन्वयाने उभ्या राहिलेल्या भारतीय अंकीय ग्रंथालयाने लाखो जुने ग्रंथ चित्रित केले. त्यांत मराठी आणि हिंदी ग्रंथांची संख्या मोठी होती. परंतु नोंदी रोमन लिपीत, अनेकदा सदोष लिप्यंतरासह केल्या गेल्या. लेखकाच्या जागी शीर्षक, शीर्षकाच्या जागी प्रकाशक, असे घोटाळे वाचकाच्या नित्य परिचयाचे झाले. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद झाले. त्यातील बरेच ग्रंथ इंटरनेट अर्काइव्ह येथे जतन झाले, म्हणजे ग्रंथ वाचले आणि पत्ते मेले. ज्या दुवासंग्रहांनी तेथील पत्ते दिले होते त्यांच्या सर्व नोंदी एका फटक्यात निरुपयोगी झाल्या. सामायिक नोंदींची व्यवस्था असती तर हीच दुरुस्ती एका ठिकाणी करून सर्वांना मिळाली असती. २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय अंकीय ग्रंथालय अनेक संस्थांच्या नोंदी एकत्र शोधण्याची सोय देते, आणि ‘शोधगंगा’ या भांडारामुळे विद्यापीठीय प्रबंध हाती येऊ लागले. ही मोठीच प्रगती आहे. तथापि एकत्र आणलेल्या नोंदी मूळ संस्थेने जशा केल्या तशाच येतात. त्यांत परस्परसंबंध निर्माण होत नाही.

५

नोंदींमधील संबंध कोणत्या पातळीवर तुटतो हे पाहण्यासाठी प्रदेशाचे नावच घ्यावे. हिंदीत ते ‘छत्तीसगढ़’ असे, अक्षराखाली नुक्ता देऊन लिहिले जाते. मराठीत ‘छत्तीसगढ’ आणि ‘छत्तीसगड’ अशी दोन्ही रूपे प्रचारात आहेत. पुन्हा युनिकोडमध्ये हिंदीतील नुक्तायुक्त अक्षर दोन प्रकारे साठविता येते, एकसंध वर्ण म्हणून किंवा मूळ वर्ण आणि नुक्ता अशा जोडीने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. प्रमाणीकरण न करणाऱ्या शोधयंत्रणेला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. अशा रीतीने देवनागरीतच एका प्रदेशाची निदान चार नावे होतात. रोमन लिपीतील रूपे याहून निराळी.

व्यक्तिनामांची गत हीच आहे. ‘छत्तीसगढ मित्र’च्या प्रकाशकांचे मधले नाव मराठी नोंदीत ‘बळीराम’ आणि हिंदी नोंदीत ‘बलीराम’ असते. एका ‘ळ’मुळे एकच व्यक्ती दोन होते. ग्रंथालयीन रोमनीकरणात ‘मुक्तिबोध’ या नावाच्या शेवटी अनुच्चारित ‘अ’ लिहिला जातो, सामान्य इंग्रजी लेखनात तो गळतो. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. त्याआधीच्या अंकीय नोंदींत मोडी कागदाचा उल्लेख देवनागरी लिप्यंतरानेच करावा लागे, आणि लिप्यंतर प्रत्येक वाचकाचे वेगळे.

हे तपशील किरकोळ वाटतील. परंतु पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ते परिचित आहेत, कारण हस्तलिखितांच्या शाखांत पाठभेद जसे निर्माण होतात तसेच हे नोंदभेद आहेत. पाठभेदांचा उपाय म्हणजे सर्व पाठ नोंदवून त्यांतील संबंध दाखविणे. एक पाठ ठेवून इतर पुसून टाकणे हा उपाय नव्हे. सहकारी दुवासंग्रहाने नामभेदांच्या बाबतीत हेच करावयास हवे.

६

या भूमिकेवर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा की, शक्तिशाली शोधयंत्रे आणि अलीकडची भाषिक प्रारूपे उपलब्ध असताना हाताने केलेल्या दुवासंग्रहाची गरज काय? याहूची निर्देशिका २०१४ मध्ये आणि स्वयंसेवकांनी चालविलेली मुक्त निर्देशिका २०१७ मध्ये बंद झाली, हा या आक्षेपाचा ऐतिहासिक पुरावा. परंतु त्या निर्देशिका सर्व जगाची यादी करीत होत्या, आणि शोधयंत्राशी त्यांची स्पर्धा त्याच कामात होती. प्रादेशिक संशोधनाचा संग्रह वेगळे काम करतो. शोधयंत्राला विचारलेल्या शब्दाचे उत्तर मिळते, आणि कोणता शब्द विचारावा हे ठाऊक नसलेल्यास ते मदत करीत नाही. सप्रे यांच्या हिंदी गद्याचा अभ्यासक ‘निबंधमाला’ हा शब्द शोधपेटीत लिहील तेव्हाच त्याला चिपळूणकर भेटतील. तो शब्द सुचविणे हे सूचीकाराचे काम आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ब्रिटनमध्ये अनेक विद्यापीठांनी मिळून २००६ पासून ‘इन्ट्यूट’ ही उत्तम दर्जाची निवडक दुव्यांची सेवा चालविली. निधी आटला आणि जुलै २०११ नंतर तिचे अद्ययावतीकरण थांबले. तज्ज्ञांचे श्रम महाग असतात हे तिच्या चालकांना ठाऊक नव्हते असे नाही. सहकार्याने खर्च विभागला जातो, नाहीसा होत नाही, हा धडा त्यातून घ्यावा लागेल. भारतीय विद्यापीठांत आणखी एक अडचण आहे. अध्यापकाच्या शैक्षणिक मूल्यमापनात शोधनिबंधाला गुण आहेत, पण चार वर्षे निष्ठेने सांभाळलेल्या सूचीला सहसा नाहीत. जोपर्यंत टिपणासह केलेली नोंद हे स्वाक्षरीचे विद्वत्तापूर्ण लेखन मानले जात नाही, तोपर्यंत हे काम कंत्राटी मनुष्यबळावर सोपविले जाईल, आणि कंत्राट संपले की संग्रहही संपेल.

तिसरा आक्षेप अधिकाराचा. नागपूर, भोपाळ आणि रायपूर येथील संस्थांनी एकत्र सूची करावयाची म्हटल्यावर भोसलेकाळाचे वर्णन कोणी करावयाचे? महाराष्ट्रातील अभ्यासकाला जो काळ मराठी सत्तेचा विस्तार वाटतो, तोच छत्तीसगढमधील अभ्यासकाला परकीय सुभेदारीचा आणि जबर महसूलवसुलीचा काळ वाटू शकतो. हा मतभेद दडपून तयार केलेले तटस्थ वर्णन दोन्ही वाचकांना निरुपयोगी होईल. नोंद एक ठेवून टिपणे दोन ठेवावीत, प्रत्येकावर लेखकाचे आणि संस्थेचे नाव असावे, हाच येथे प्रामाणिक मार्ग दिसतो. सिसिरकुमार दास यांनी साहित्य अकादेमीसाठी लिहिलेल्या भारतीय साहित्याच्या इतिहासात निरनिराळ्या भाषांतील वाङ्मयीन घटना वर्षक्रमाने शेजारी शेजारी मांडल्या. त्या मांडणीने भाषांमधील तंटे मिटले नाहीत, पण ते एका पानावर आले आणि म्हणून अभ्यासता आले.

७

या विवेचनावरून प्रादेशिक दुवासंग्रहांच्या सहकार्याचा किमान करार कसा असावा हे सांगता येते. प्रत्येक साधनाला कायम ओळखक्रमांक असावा आणि पत्ता बदलला तरी तो बदलू नये. स्थळाच्या नोंदीत आजचे राज्य आणि जिल्हा देऊन न थांबता प्रकाशनकाळाचे प्रशासनही द्यावे. पेंड्रा हे १९०० साली मध्य प्रांतातील बिलासपूर जिल्ह्यात होते आणि २०२० पासून गौरेला-पेंड्रा-मरवाही या जिल्ह्यात आहे, हे एकाच नोंदीत कळावे. व्यक्ती, स्थळ आणि भाषा यांची सर्व रूपे, सर्व लिपींत, परस्परांना जोडलेली असावीत. शक्य तेथे साधनाची जतनप्रत ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एखादी संस्था बाहेर पडली किंवा बंद झाली तर तिच्या नोंदींची जबाबदारी कोण घेणार, हे आरंभीच लिहून ठेवावे. आतापर्यंतचे बहुतेक संग्रह तंत्राच्या अभावी नव्हे, तर वारसदाराच्या अभावी नष्ट झाले आहेत.

यासाठी नवे भव्य केंद्र उभारण्याची आवश्यकता नाही. एखादे विद्यापीठीय ग्रंथालय, एखादे शंभर वर्षांचे सार्वजनिक वाचनालय, एखादे संग्रहालय आणि एखादी साहित्यसंस्था यांनी आपापली यादी आपल्यापाशीच ठेवून नोंदींची देवाणघेवाण सुरू केली तरी आरंभ होतो. १८७५ पासूनचे संग्रहालय असलेल्या रायपुरात, आणि १९२३ मध्ये स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ जेथे कार्यरत आहे त्या नागपुरात, अशा आरंभासाठी लागणारी माणसे आणि कपाटे दोन्ही आहेत.

दाते यांच्या सूचीवर वाढलेल्या अभ्यासपरंपरेने मराठी वाङ्मयाची सीमा बरीचशी मराठी भाषेच्या सीमेवर आखली. १९४० च्या दशकात ते स्वाभाविक होते, कारण भाषेला आपल्या ग्रंथांचा हिशेब प्रथमच लागत होता. पेंड्र्याच्या हिंदी मासिकाचे मराठी संपादक आणि राजनांदगावचा मराठी घरातला हिंदी कवी यांना त्या हिशेबात जागा मिळाली नाही. ती जागा आता करावयाची असेल, तर कोणत्याही एका भाषेचे अध्यासन किंवा कोणत्याही एका राज्याचे ग्रंथालय एकट्याने ती करू शकणार नाही. शेजाऱ्याच्या यादीत आपले काय आहे आणि आपल्या यादीत शेजाऱ्याचे काय आहे, हे परस्परांना विचारण्यापासूनच त्या कामाचा प्रारंभ करावा लागेल.